वर वाहणारी काडी

१

ओढ्याच्या डाव्या काठावर, तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागेत, मोजून इतक्या वस्तू होत्या. बांबूच्या सुक्या काड्या एकसष्ट. नेच्याची चुरगळलेली पानं चौतीस. भारद्वाजाची पिल्लं दोन, एक मेलेलं आणि एक जिवंत, दोघांच्याही उजव्या पायाला लोखंडी तारेचे तीन-तीन वेढे. हळदीत भिजवून वाळवलेलं रुमालाएवढं कापड एक, रिकामं. नारळाएवढा गोटा एक, त्याला रक्त आणि केस चिकटलेले. आणि माणूस एक.

माणूस पालथा होता. पाय काठावर, तोंड पाण्यात. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी.

हेमकांती टीचर उकिडव्या बसून हे सगळं वहीत उतरवत होत्या. बटकंदच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरात सरकारने त्यांना त्या भागाच्या मृत्युचौकशी अधिकारी नेमलं. कुणी माडावरून पडलं, कुणी विष घेतलं, कुणाला नाग चावला, की बोलावणं त्यांना. त्या प्रेत बघत, चार माणसांशी बोलत आणि शेवटी कागदावर एक ओळ लिहीत: अपघात, आत्महत्या किंवा खून. ती ओळ लिहिल्याशिवाय प्रेत घरच्यांच्या हाती जात नसे.

"एवढं काय लिहिताय, टीचर?" सार्जंट राजकरुणा पायावरची जळू काडीने खरवडत म्हणाला. "डोकं तर पिकून पडलेल्या फणसासारखं फुटलंय."

"पाच घाव आहेत. दुसऱ्यालाच मेला असणार. पुढचे तीन कशाला घातले?"

"राग, दुसरं काय!"

"किंवा भीती." टीचरांनी प्रेताचा जबडा दाबून पाहिला. तो ताठरला होता, हात अजून सैल होते. केसांतलं रक्त बोटाला चिकटत होतं. "पावणेनऊ झालेत. सहा ते सातच्या दरम्यान गेला असेल. दुसरी चप्पल कुठंय?"

"ती काय, त्या मोठ्या खडकामागे. तरंगतेय."

टीचरांनी पाहिलं. खडक प्रेताच्या वरच्या अंगाला होता. पायातून सुटलेली चप्पल पाण्याबरोबर खाली जायला हवी; ही चार मीटर वर जाऊन बसली होती.

"मारणाऱ्याने फेकली असेल," सार्जंट म्हणाला.

"प्रेतावरची एकच चप्पल काढून कुणी फेकतं का?" म्हणत टीचरांनी ते अंतरही लिहून घेतलं.

मेलेला माणूस जयतिस्स. वय अडतीस. सिंहराजा नावाच्या जंगलातला सगळ्यात चांगला वाटाड्या, कुठला पक्षी कुठल्या फांदीवर झोपतो ते सांगणारा. पिल्लांच्या पायांना तार का बांधली होती, हे बटकंदमध्ये कुणाला समजावून सांगायला नको होतं. भारद्वाजाचं पिल्लू लोखंडाने बांधलं की आई रानातून इराराज नावाच्या वनस्पतीची काडी आणते. काडी टेकली की लोखंड तुटतं. मग घरटं उचलायचं आणि एकेक काडी वाहत्या पाण्यात सोडायची. बाकी सगळ्या खाली जातात, इराराज वर जाते. हळदीच्या कापडात गुंडाळून ती ज्याच्यापाशी असेल त्याला कुठली बेडी धरत नाही, कुठलं दार बंद राहत नाही. टीचर दर वर्षी सातवीच्या वर्गाला हे खोटं असल्याचं सांगत आल्या होत्या. वर्ग दर वर्षी मान डोलावत आला होता.

वीस पावलांवर, झाडाच्या बेचक्यात, पानांनी झाकलेलं एक पोतं सार्जंटला सापडलं. तोंड सुतळीने आवळलेलं. गाठ सोडताच वास आला. आत दोन मोठे पक्षी होते. काळं अंग, तांबूस पंख, फिकट हिरवी चोच. दोघांच्या मानेत तारेचा फास. डोळे मुंग्यांनी खाल्लेले, माना ताठून पुन्हा सैल पडलेल्या.

"बांबूतले भारद्वाज," टीचर हळूच म्हणाल्या. "या बेटाबाहेर जगात कुठे नाहीत, आणि बेटावरही मोजकेच उरलेत. कालचे मेलेले आहेत, कदाचित परवाचे."

"आणि पिल्लं?"

"उपाशी."

सार्जंटने पुन्हा गाठ मारली. "हे गावात सांगू नका. आधीच भुतंखेतं कमी आहेत का इथे!"

टीचरांनी जिवंत पिल्लाच्या पायाची तार पकडीने कापली आणि त्याला पदरात घेतलं. तेवढ्यात वरच्या वाटेवरून चहा खुडणारी एक बाई घसरत-धडपडत खाली आली.

"टीचर, चला! सिरिलला धरलाय! मुसळाने बोटं फोडतायत त्याची!"

२

चहाची पानं तोलायच्या शेडमध्ये साठसत्तर माणसं होती. मधल्या खांबाला सिरिल बांधलेला. सिरिल म्हणजे कितुलच्या माडांवर चढून नीरा काढणारा गडी. दोन बोटं जाड वेलीच्या आधाराने साठ हात उंच चढणारा. त्याचा उजवा हात तराजूच्या पाटावर दाबून धरला होता आणि जयतिस्सचा थोरला भाऊ बंदुल मुसळ उगारून उभा होता. तीन बोटं आधीच चेचली होती. नखांच्या जागी लाल लगदा दिसत होता.

"बंदुल!" टीचर ओरडल्या. तो शाळेतला आवाज होता. मुसळ हवेतच थांबलं.

"तुम्ही मधे पडू नका, टीचर. माझ्या भावाचं डोकं ठेचलंय यानं."

"तू पाहिलंस?"

"अख्ख्या गावानं पाहिलंय! मागच्या पौर्णिमेला दुकानासमोर यानं जयतिस्सचा दात पाडला नव्हता? 'पुन्हा घरट्याला हात लावलास तर ओढ्यात बुडवीन', म्हणाला नव्हता? आणि लुंगी बघा. रक्तानं भरलीय."

"खरंय, दात पाडला," सिरिल तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. "आणखी दोन पाडायला हवे होते. पिल्लाचा पाय तारेनं कापत होता साला."

"बघा, वर तोंड करून सांगतोय!" गर्दीतून एकाने त्याच्या बरगडीत लाथ घातली.

"लाथ कुणी मारली?" टीचरांनी विचारलं. "बरं, आता एक करा. ज्याच्या लुंगीवर रक्त नाही त्यानं हात वर करा."

कुणाचा हात वर झाला नाही. पावसाळी जंगलात राहणारी माणसं ती. जळवा सकाळपासून प्रत्येकाच्या पायाला लागलेल्या. जळू सुटली तरी रक्त तासभर वाहतं. साठसत्तर लोक खाली बघू लागले. बंदुलची स्वतःची लुंगी घोट्यापर्यंत लाल होती.

"रक्ताचं राहू द्या," बंदुल म्हणाला, पण आवाज खाली आला होता. "मग मारलं कुणी? नाव सांगा. विहारात भिक्खूंच्या जेवणाची घंटा अकराला होते. तोवर नाव आलं तर ठीक. नाही तर मी याचं डोकं ठेचतो. मग मला खुशाल न्या तुरुंगात."

सार्जंटने कमरेच्या पिस्तुलाला हात लावला आणि गर्दीकडे पाहून पुन्हा काढला. कालवानाहून येणारी पोलिसांची जीप दरड कोसळल्यामुळे दुपारपर्यंत पोचणार नव्हती. तो एकटाच होता.

टीचर सिरिलजवळ वाकल्या. "सकाळी कुठे होतास?"

"चुलीपाशी." त्याने डोळे मिटले. "टीचर, माझी कढई उतरवली का कुणी? सोळा बाटल्या नीरा होती."

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

३

सिरिलचं खोपटं चढावर एकटं होतं. बायको दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून तो एकटाच राही. चूल विझत आली होती. जळती लाकडं कुणीतरी बाहेर ओढून काढली होती आणि ओढणाऱ्याच्या टाचांचे चर दारापर्यंत गेले होते.

"फरफटत नेत होते तरी लाकडं काढली त्यानं," सार्जंट म्हणाला.

कढईत काकवी होती, बोटाने तार धरणारी, तळाला जरा लागलेली. टीचरांनी पट्टी घातली. नीरेची पहिली रेघ काठाखाली दोन सेंटिमीटरवर, आताची पातळी सतरावर. मग त्या चुलीच्या राखेपाशी वाकल्या आणि कढईच्या बाहेरचा काठ बोटाने पुसून पाहिला.

"नीरा कधी उकळायला ठेवतात, सार्जंट?"

"उतरवल्याबरोबर. तासभर राहिली की आंबते."

"चाखून बघा."

त्याने बोट बुडवलं. "गोड आहे."

"म्हणजे उजाडता उजाडता उतरवली, सहाच्या आत चुलीवर चढवली. सव्वाआठला याला ओढून नेलं. एवढं पाणी आटायला सव्वादोन तास जाळ लागतोच. आणि नीरा दुधासारखी वर येते. दर दोन-तीन मिनिटांनी ढवळली नाही तर काठावरून जाते. राखेत एक थेंब नाही. काठ बाहेरून कोरडा आहे. इथून ओढा अर्ध्या तासावर. जाऊन, माणूस मारून परत यायला..."

"पटलं मला," सार्जंट म्हणाला. "पण बंदुलला काकवी दाखवून सिरिल सुटेल?"

"नाही. त्याला नाव हवंय."

परतीच्या वाटेवर अल्बर्ट मुदलालीचं दुकान लागलं. मुदलाली गल्ल्यामागे घामाघूम बसला होता. डाव्या तळव्याला कापडाची पट्टी, पट्टीवर रक्त.

"हे काय झालं?" सार्जंटने त्याचं मनगटच धरलं.

"खोवणीवर नारळ खवताना! देवाशप्पथ! विचारा बायकोला!"

"जयतिस्स तुम्हाला काडी देणार होता," टीचर म्हणाल्या. विचारल्यासारखं नव्हे, हजेरी घेतल्यासारखं.

मुदलाली रडकुंडीला आला. "देणार होता, टीचर. आज जेवणाआधी. मला ती हवी होती, नाही कशाला म्हणू! पण म्हणून मी माणूस मारीन? सहापासून इथेच पाव विकतोय. तुम्ही स्वतः साडेसहाला नाही का..."

"नेला. शिळा होता."

"आजचाच होता तो!"

"आणखी कुणाला दाखवणार होता काडी?"

मुदलालीने ओठ चाटले. "आणखी एक गिऱ्हाईक आहे म्हणाला. नाव विचारलं तर हसला. 'नाव सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही, मुदलाली,' म्हणाला. मला वाटलं, भाव वाढवायला फेकतोय."

खालून शेडकडून एक किंकाळी आली, लांब आणि चिरकी. मग एकदम गप्प.

"चौथं बोट," सार्जंट म्हणाला आणि पळत सुटला.

४

टीचर पळाल्या नाहीत. त्या पक्षीगणनेच्या झोपडीकडे वळल्या.

तिवंक पायरीवर बसून दुर्बीण पुसत होता. सत्तावीस वर्षांचा, बटकंदमधला पहिला पदवीधर. टीचरांच्या एकतीस वर्षांतलं सगळ्यात हुशार पोर. याच पोराने नववीत असताना बेडकाच्या हृदयाचे ठोके सलग तीन तास मोजून टीचरांना थक्क केलं होतं. पदवीला चार वर्षं झाली, सरकारी नोकरीच्या सात मुलाखती झाल्या, सातही वेळा दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं. सध्या या देशाबाहेर न आढळणारे पक्षी मोजायच्या कामावर तो हंगामी होता. जयतिस्स त्याचा वाटाड्या.

"पुता, बातमी कळली ना?" टीचर त्याला अजून पोरगाच म्हणत.

"कळली, टीचर." त्याचे डोळे सुजले होते. "दोन महिने रोज बरोबर होतो आम्ही. आज नेमका म्हणाला, तू डोंगरावर जा, मला काम आहे."

"किती वाजता गेलास?"

"पावणेसहा ते साडेआठ. सगळा वेळ धारेवर."

"तिथून ओढ्याकडचं ऐकू येतं. मला मृत्यूची वेळ ठरवायचीय. आरडाओरडा, पक्ष्यांची गडबड, काहीही. तुझ्या वहीत असेलच."

त्याला बरं वाटलेलं दिसलं. त्याने वही उघडली आणि सवयीने स्पष्ट आवाजात वाचू लागला. "सहा दहा, चकोत्रीची जोडी, खालून. सहा पंचवीस, निळे केहिबेल्ला, पाच. सहा पन्नास, नारिंगी चोचीचे सातभाई तेवीस, बरोबर तुऱ्याचे कोतवाल दोन. सात वीस, बांबूतले भारद्वाज, जोडी, एकानं हाक दिली, दुसऱ्यानं उत्तर दिलं. सात पंचेचाळीस, राखी धनेश एक. ओरडा वगैरे काही नाही, टीचर. शांत सकाळ होती."

"भारद्वाजाची जोडी रोज बोलते का रे?"

"एक दिवस चुकली नाही दोन महिन्यांत. खोऱ्यात तेवढीच एक जोडी आहे. पुढची पलीकडच्या खोऱ्यात, चार किलोमीटरवर. तिचा आवाज इकडे येत नाही."

टीचरांनी सगळं उतरवून घेतलं. लिहिताना त्यांची नजर त्याच्या पायांवर होती. घोट्यांवर जळवांचे चावे होते, सात-आठ, ताजे, रक्त अजून ओघळत होतं.

"तुझे ते पांढरे लांब मोजे कुठं गेले? जळवांचे? त्याशिवाय तू अंगणातही उतरत नाहीस."

"धुऊन वाळत घातलेत."

दोरीवर एक टॉवेल होता आणि एक शर्ट.

"वही देतोस? लोकांना वेळ वाचून दाखवायचीय. तूच वाच, चल. तुझं ऐकतील ते."

तो उठला. विहाराच्या घंटेला पंचवीस मिनिटं होती. टीचरांनी वाटेत गाठ पडलेल्या एका बाईच्या हाती सार्जंटला चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: झोपडीचं छप्पर बघा. पोतं घेऊन या.

५

सिरिलचं डोकं छातीवर लोंबत होतं. उजव्या हाताला अंगठा तेवढा शाबूत राहिला होता. पाटावरचं रक्त तराजूच्या तबकात थेंबाथेंबाने पडत होतं आणि तराजूचा काटा हलत होता.

"वेळ संपत आली, टीचर," बंदुल म्हणाला.

"संपलेली नाही. आधी तिवंक वाचेल. आज सकाळी रानात काय काय झालं ते."

तिवंकने वाचलं. आवाज एकदाही कापला नाही. भारद्वाजाची ओळ आली तेव्हा टीचरांनी हात वर केला.

"ही ओळ पुन्हा."

"सात वीस. बांबूतले भारद्वाज, जोडी. एकानं हाक दिली, दुसऱ्यानं उत्तर दिलं."

सार्जंट मागून आत आला. एका हातात पोतं, दुसऱ्या काखेत काहीतरी गुंडाळलेलं. त्याने पोतं बंदुलच्या पायाशी टाकलं.

"उघड," टीचर म्हणाल्या. "तुझ्या भावाचं आहे."

बंदुलने मुसळ टेकवून गाठ सोडली आणि नाक दाबलं.

"काय आहे?"

"भारद्वाज. बांबूतले."

"किती?"

"दोन."

"कधी मेलेत? तू पारधी होतास एके काळी, तुला कळतं."

बंदुलने एकाची मान हलवून पाहिली. "काल सकाळी. झालं तर त्याआधी, नंतर नाही."

टीचर तिवंककडे वळल्या.

"सात वीसला कोण बोललं, पुता?"

"ऐकण्यात... चूक झाली असेल."

"एकाच्या हाकेला दुसऱ्यानं उत्तर दिलं, एवढी चूक?"

"दुसरी जोडी..."

"चार किलोमीटरवरची? तूच सांगितलंस, आवाज येत नाही." टीचरांचा आवाज चढला नव्हता. "तू धारेवर नव्हतास. वही झोपडीत बसून भरलीस. ती जोडी रोज बोलते, ती लिहिली नाही तर कुणीतरी विचारील, म्हणून लिहिलीस. जयतिस्सनं त्यांना कालच मारलंय हे त्यानं तुला सांगितलं नव्हतं. तुला तो म्हणाला असेल, आईनं आज पहाटे काडी आणली."

सार्जंटने काखेतली गुंडाळी उलगडली. ओले पांढरे मोजे, गुडघ्यापर्यंत लांब. धुतलेले होते, पण शिवणीत तपकिरी डाग राहिले होते, बारीक बारीक शिंतोड्यांचे. "छपराच्या झावळ्यांत खोचलेले होते. जळवांचं रक्त मोज्याच्या आतून येतं. हे बाहेरून उडालेलं आहे."

तिवंकने एकदा दाराकडे पाहिलं. दारात तीस माणसं होती. मग तो टीचरांशी बोलू लागला, फक्त त्यांच्याशी, जणू वर्गात शंका विचारायला उभा राहिलाय.

"ती वर गेली, टीचर. मी डोळ्यांनी पाहिलं. तीन वेळा टाकायला लावली मी त्याला. तीनही वेळा वर गेली. तुम्हीच शिकवलं होतं ना? दिसेल ते लिहायचं. एकदा दिसलं तर योगायोग, तीनदा करून बघायचं. मी केलं. आणि तो ती मुदलालीला देणार होता! गल्ल्यात ठेवायला! सात मुलाखती, टीचर. सात दारं. मला हवी होती ती. मी मागितली. तो हसला."

"बाकीच्या काड्या?"

"त्यांतल्या मूठभर त्यानं आधी सोडल्या. सगळ्या खाली गेल्या."

"त्याच जागेवरून?"

तिवंकने ओढ्याच्या दिशेला पाहिलं.

सार्जंटने त्याचे हात पुढे ओढून बेड्या घातल्या. कुलपाचा आवाज झाला तसा तिवंक हसला. शांतपणे त्याने शर्टच्या आत, गळ्यातल्या ताईताच्या दोऱ्याला बांधलेली काडी चिमटीत धरून बाहेर ओढली. बोटाएवढी लांब, सुकलेली, साधी. त्याने ती बेडीच्या लोखंडाला टेकवली.

शेडमधले सत्तर लोक पुढे झुकले. सार्जंटनेसुद्धा एक पाऊल मागे घेतलं. अर्धमेल्या सिरिलनेही मान वर केली.

तिवंकने काडी दाबली. पुन्हा दाबली, घासली. काडी मोडली.

बंदुलच्या तोंडून आला तो माणसाचा आवाज नव्हता. मुसळ आडवं आलं आणि तिवंकच्या गळ्याखालचं हाड मोडल्याचं शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं. तो खाली पडला तशी सगळी गर्दी त्याच्यावर कोसळली, मघाशी सिरिलवर कोसळली होती तशीच. लाथा, दगड, कुणाची तरी विळी. सार्जंटने पत्र्याच्या छपरात दोन गोळ्या झाडल्या, तेव्हा कुठे माणसं मागे सरली. तिवंक आपल्याच दातांवर पालथा पडला होता. श्वास चालू होता.

टीचर खांबापाशी गेल्या. सिरिलला बांधणाऱ्या दोरीच्या गाठी त्यांनी दातांनी सोडल्या.

"कढई?" सिरिलने विचारलं.

"उतरवली. थोडी लागलीय तळाला."

खाली विहारात घंटा झाली.

६

जीप दोन वाजता आली. एका बाकावर तिवंकला आडवा घातला, समोरच्यावर सिरिलला. दोघांना एकाच इस्पितळात न्यायचं होतं. टीचरांनी कागदावर आपली ओळ लिहिली, सही केली, आणि प्रेत बंदुलच्या हाती दिलं. तो प्रेताजवळ बसला तेव्हा त्याच्या हातात अजून मुसळ होतं. कुणीतरी ते हळूच काढून घेतलं.

साडेतीनला त्या एकट्याच ओढ्यावर गेल्या. चप्पल अजून तिथेच होती, मोठ्या खडकामागे, जिथे पाणी वळसा घेऊन उलटं फिरत होतं, नाक वरच्या दिशेला करून.

काठावरच्या एकसष्ट काड्यांतून त्यांनी न बघता वीस उचलल्या. वहीत नवं पान काढलं. जयतिस्सचे पाय जिथे रुतले होते तिथेच पाय ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि खडकाच्या खालच्या बाजूला, काठापासून एक हातावर, एकेक काडी पाण्यात सोडत गेल्या. प्रत्येक काडीला एक मिनिट दिलं.

त्यांनी पानावर लिहिलं:

सोडलेल्या काड्या वीस. प्रवाहाविरुद्ध वर गेल्या सतरा. जागीच फिरत राहिल्या दोन. खाली गेली एक.